लघु सी.एन.सी. यंत्र आणि त्याचा वीजपुरवठा

जळगाव जिल्ह्यातील बोदवड हे भुसावळ–नागपूर लोहमार्गावरील तालुक्याचे गाव कापसाची जुनी बाजारपेठ म्हणून परिचित आहे. कापसातील सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधणाऱ्या कारखान्यांमुळे यंत्र, पट्टा, मोटर आणि त्यांची दुरुस्ती या गोष्टी खानदेशाच्या या भागाला नवीन नाहीत. शाळेच्या कार्यशाळेत, सुताराच्या दुकानात किंवा एखाद्या होतकरू तरुणाच्या घरी मावेल एवढे संगणक-नियंत्रित कोरीवकाम यंत्र आता अशा गावांच्याही आवाक्यात आले आहे. सी.एन.सी. या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र लाकूड, प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा किंवा विद्युत मंडलाचा तांब्याचा पत्रा यांवर आकड्यांबरहुकूम काम करते. नामफलक, शैक्षणिक साधने, साचे, लहान सुटे भाग अशा अनेक वस्तू त्यावर तयार होऊ शकतात.

या यंत्राची खरेदी करताना त्याच्या चौकटीकडे, मोटारींकडे आणि संगणकाकडे पुरेसे लक्ष दिले जाते. त्या सर्वांना वीज देणारा लहानसा डबा मात्र बहुधा शेवटी आणि किमतीकडे पाहून घेतला जातो. परिणामी काम अर्धवट राहते, लाकूड वाया जाते, ड्रायव्हर जळतो आणि काही महिन्यांत हे यंत्र केवळ जडसंग्रह नोंदवहीतील एक नोंद होऊन बसते. विद्यार्थ्यांच्या हाती असलेल्या यंत्रात तर वीजपुरवठ्याचा दोष हा सुरक्षिततेचाही प्रश्न असतो. म्हणून हा पुरवठा कसा निवडावा, याची माहिती शाळा, पंचायती आणि प्रशिक्षण केंद्रे यांना असणे अगत्याचे आहे.

पाबळपासून गावोगावच्या शाळांपर्यंत

आकड्यांच्या आधारे यंत्र चालविण्याचे तंत्र अमेरिकेत विकसित झाले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९५२ साली अशा मिलिंग यंत्राचे प्रात्यक्षिक दाखविले. त्या काळी हे यंत्र मोठ्या कारखान्यांनाच परवडण्याजोगे होते. पुढे संगणक स्वस्त झाले आणि हे तंत्र लहान कार्यशाळांपर्यंत पोहोचले.

या प्रवासात महाराष्ट्राचे स्थान लक्षणीय आहे. शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. हाताने काम करता करता शिकावे, हे या संस्थेच्या शिक्षणाचे सूत्र आहे. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन संस्थेच्या सहकार्याने २००२ साली पाबळला फॅब लॅब सुरू झाली. त्या संस्थेच्या आवाराबाहेर स्थापन झालेल्या अगदी पहिल्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. संगणक-नियंत्रित यंत्रे ही केवळ शहरी कारखान्यांची मिरासदारी नाही, हे या उपक्रमाने दाखवून दिले.

केंद्र शासनाच्या अटल नवोन्मेष अभियानाने २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा स्थापन करण्यास प्रारंभ केला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पुढील ५ वर्षांत शासकीय शाळांमध्ये अशा आणखी ५० हजार प्रयोगशाळा स्थापन करण्याची घोषणा करण्यात आली. याचा अर्थ असा की, मोटारी, ड्रायव्हर आणि वीजपुरवठ्याचे संच यांची निवड करण्याची जबाबदारी यापुढे अधिकाधिक शिक्षकांवर येणार आहे.

मोटर काय मागते?

लहान सी.एन.सी. यंत्रात प्रायः तीन किंवा चार स्टेपर मोटारी असतात. ही मोटर सलग न फिरता ठरावीक पावले टाकत फिरते. सर्वसाधारण स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावले टाकते. तिला किती पावले टाकावयाची याचा हुकूम नियंत्रक देतो आणि त्या हुकुमाप्रमाणे मोटारीत वीज सोडण्याचे काम ड्रायव्हर करतो. ड्रायव्हरला लागणारी एकदिश वीज पुरविणे हे वीजपुरवठा संचाचे कार्य होय.

येथे एक गैरसमज वारंवार आढळतो. नेमा २३ या आकाराच्या एखाद्या मोटारीच्या माहितीपत्रकावर २.८ अँपियर आणि सुमारे २.५ व्होल्ट असे आकडे असतात. ते पाहून ५ किंवा १२ व्होल्टचा पुरवठा पुरेसा आहे, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि हे २.५ व्होल्ट मोटर स्थिर असतानाचे असतात. मोटर वेगाने फिरू लागली की चित्र बदलते.

मोटारीतील तारेच्या वेटोळ्याला प्रेरकत्व असते. त्यामुळे प्रवाह एकदम वाढू शकत नाही. तो वाढण्यास वेळ लागतो आणि हा वेळ दाबावर अवलंबून असतो. मोटर मिनिटाला ६०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २,००० पावले पडतात. म्हणजे एका पावलाला अवघा ०.५ मिलिसेकंद मिळतो. वेटोळ्याचे प्रेरकत्व २.५ मिलिहेन्री असेल, तर २.८ अँपियर प्रवाह उभा राहण्यास १२ व्होल्टवर सुमारे ०.५८ मिलिसेकंद, २४ व्होल्टवर ०.२९ मिलिसेकंद आणि ३६ व्होल्टवर ०.१९ मिलिसेकंद लागतात. १२ व्होल्टवर प्रवाह पूर्ण होण्याच्या आतच पुढच्या पावलाची वेळ येते. मोटारीचा जोर कमी पडतो, पावले चुकतात आणि गोल कोरावयाचे तेथे अंडाकृती कोरले जाते. स्टेपर मोटर चुकली तरी नियंत्रकाला ते कळत नाही. त्यामुळे पुढचे सारे काम चुकीच्या जागी होत राहते.

जास्त दाबाने मोटर जळणार नाही काय, अशी शंका येथे येऊ शकते. आधुनिक ड्रायव्हर प्रवाहावर पहारा ठेवतो. ठरविलेले अँपियर पूर्ण होताच तो दाब तोडतो आणि प्रवाह कमी होताच पुन्हा जोडतो. हे सेकंदाला हजारो वेळा घडते. म्हणून २.५ व्होल्टची मोटर ३६ व्होल्टच्या पुरवठ्यावर सुरक्षित चालते. मात्र ड्रायव्हरवरील प्रवाहाची मर्यादा मोटारीच्या आकड्याप्रमाणे आधी ठरवून घेणे आवश्यक आहे.

दाब आणि अँपियर यांचा हिशेब

दाब ठरविण्यासाठी तंत्रज्ञ एक ढोबळ सूत्र वापरतात. प्रेरकत्वाच्या मिलिहेन्रीतील आकड्याचे वर्गमूळ काढून त्यास ३२ ने गुणले की त्या मोटारीसाठीची कमाल मर्यादा मिळते. २.५ मिलिहेन्रीच्या मोटारीसाठी ती सुमारे ५० व्होल्ट येते. यापेक्षा अधिक दाबाने मोटर व्यर्थ तापते. दुसरी मर्यादा ड्रायव्हरची असते आणि ती कधीही ओलांडू नये. मोटर वेगातून एकदम थांबते तेव्हा ती क्षणभर जनित्राप्रमाणे वागते आणि वीज मागे ढकलते. यास्तव पुरवठ्याचा दाब ड्रायव्हरच्या कमाल दाबापेक्षा निश्चित कमी असावा. ५० व्होल्टपर्यंत चालणाऱ्या ड्रायव्हरला ३६ व्होल्टचा पुरवठा योग्य ठरतो. ३५ व्होल्टपर्यंतच चालणाऱ्या लहान ड्रायव्हरला २४ व्होल्टचा घ्यावा.

अँपियरचा हिशेब याहून सोपा आहे. सर्व मोटारींच्या प्रवाहाची बेरीज करून तिचे दोन-तृतीयांश घ्यावेत. २.८ अँपियरच्या तीन मोटारींची बेरीज ८.४ आणि तिचे दोन-तृतीयांश ५.६ अँपियर होतात. ३६ व्होल्टवर याचा अर्थ सुमारे २०० वॅट असा होतो. बाजारात ३६ व्होल्ट, ९.७ अँपियर, म्हणजे ३५० वॅटचा संच सहज मिळतो. तो या यंत्रास पुरून उरतो.

पुरवठ्यावर अधिक अँपियर लिहिलेले असल्यास तेवढे मोटारीत घुसतील, ही भीती निराधार आहे. गावच्या पाणीपुरवठा योजनेचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. टाकीची उंची म्हणजे दाब आणि टाकीत मावणारे पाणी म्हणजे पुरवठ्याची क्षमता असे मानले, तर टाकी मोठी असल्याने नळ फुटत नाही. नळाला लागते तेवढेच पाणी तो घेतो. टाकी अवाजवी उंच बांधली तर मात्र नळावर ताण येतो. म्हणून अँपियर थोडे अधिक असावेत, व्होल्ट मात्र मोजूनमापूनच असावेत.

दोन प्रकारचे संच

एकदिश वीज देणारे संच मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारात ट्रान्सफॉर्मर, डायोडचा पूल आणि मोठे कॅपॅसिटर असतात. हा संच जड परंतु दणकट असतो, स्थानिक कारागिरास दुरुस्त करता येतो आणि मोटारींकडून परत येणारी वीज त्याचे कॅपॅसिटर सामावून घेतात. त्याचा दोष असा की, घरातील दाब चढला-उतरला की त्याचाही दाब तसाच चढतो-उतरतो. २४ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेतल्यास २३० व्होल्टवर त्यातून सुमारे ३२.५ व्होल्ट एकदिश दाब मिळतो. तोच घरातील दाब २६० झाल्यास ३७ वर जातो आणि १९० झाल्यास २६.५ पर्यंत घसरतो. संच बंद केल्यानंतरही त्याच्या कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरा प्रकार एस.एम.पी.एस. या नावाने ओळखला जातो. हा हलका आणि स्वस्त असतो आणि घरातील दाब बदलला तरी तो आपला दाब स्थिर राखतो. मात्र त्याला स्वतःच्या मर्यादा आहेत. अनेक संचांची मर्यादा १८० ते २६४ व्होल्ट अशी असते. दाब त्याखाली गेल्यास संच काम सोडतो आणि मोटारी जागच्या जागी थांबतात. काही संचांवर ११५ आणि २३० व्होल्टची निवड करणारी छोटी कळ असते. ती २३० वर आहे याची खात्री संच प्रथम जोडण्यापूर्वीच करावी. ती ११५ वर राहिली तर संच पहिल्याच क्षणी निकामी होतो.

ज्या गावांत दाब अस्थिर असतो, तेथील लहान यंत्रासाठी दुसरा प्रकार सामान्यतः अधिक सोयीचा होय. मोठ्या आणि वेगवान मोटारी असल्यास, अथवा यंत्र थांबताना संच वारंवार बंद पडत असल्यास, पहिल्या प्रकाराचा विचार करावा.

बोदवडच्या परिस्थितीत

वीजपुरवठा निवडताना मोटारीइतकाच विचार गावातील विजेचा करावा लागतो. भुसावळजवळील दीपनगर येथे मोठे औष्णिक विद्युत केंद्र आहे. परंतु केंद्र जवळ असल्याने खोलीतील दाब स्थिर राहतो असे नाही. तेथील वीज उच्च दाबाने राज्याच्या जाळ्यात जाते. दुकानातील दाब ठरतो तो जवळच्या वितरण रोहित्रावरील भार आणि तेथून आलेल्या तारेची लांबी यांवरून. पंप आणि मोठ्या मोटारी सुरू होताच तारेच्या शेवटच्या टोकाला दाब घसरतो आणि रात्री भार उतरल्यावर तो चढतो. भारतीय विद्युत नियम, १९५६ यांनी कमी दाबाच्या पुरवठ्यातील चढउतार ६ टक्क्यांच्या आत असावा असे बंधन घातले होते. २३० व्होल्टच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे २१६ ते २४४ व्होल्ट होते. प्रत्यक्ष स्थिती जाणण्यासाठी खरेदीपूर्वी एक आठवडा सकाळी, दुपारी, सायंकाळी आणि रात्री मल्टिमीटरने दाब मोजून वहीत नोंदवावा. विद्यार्थ्यांकडून करून घेण्याजोगा हा उत्तम उपक्रमही आहे. नोंदी वारंवार १८० च्या जवळ येत असल्यास स्टॅबिलायझरची तरतूद करावी.

दुसरी बाब उष्णतेची आहे. मे महिन्यात खानदेशातील तापमान ४५ अंशांच्या घरात जाते. पत्र्याच्या छपराखाली बंद पेटीत ठेवलेल्या संचाभोवतीची हवा ५० अंशांहून अधिक तापू शकते. अनेक संच ५० अंशांपर्यंतच पूर्ण क्षमतेने चालतात. त्यापुढे त्यांच्याकडून घ्यावयाचे वॅट कमी करावे लागतात. वरील उदाहरणात २०० वॅटच्या गरजेसाठी ३५० वॅटचा संच सुचविला, त्याचे हेही एक कारण आहे. पेटीला खाली आणि वर झरोके ठेवावेत.

तिसरी बाब धुळीची. हंगामात हवेत उडणारे रुईचे तंतू आणि यंत्राखाली पडणारा लाकडाचा बारीक भुसा संचाच्या पंख्यात अडकतो. पंखा थांबला की संच तापतो. झरोक्यांवर बारीक जाळी लावून ती दर आठवड्यास स्वच्छ करावी.

चौथी बाब वीज जाण्याची. काम चालू असता वीज गेल्यास यंत्राची जागा चुकते. अशा वेळी केवळ मोटारींना बॅटरीचा आधार देणे घातक ठरते. कारण कोरणारा राउटर थांबलेला आणि मोटारी मात्र त्याला पुढे रेटीत आहेत, अशी स्थिती होऊन हत्यार मोडते. एक तर राउटरसह संपूर्ण यंत्राला आधार द्यावा, नाही तर सर्वच एकत्र थांबू द्यावे. नंतर मर्यादा-कळांच्या साहाय्याने यंत्र मूळ बिंदूवर आणून काम पुन्हा सुरू करता येते.

अर्थिंग आणि सुरक्षितता

जुन्या इमारतींत तीन छिद्रांचे सॉकेट असूनही तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते, असे पुष्कळदा आढळते. एस.एम.पी.एस. संचातील गाळणीचे कॅपॅसिटर त्याच्या धातूच्या आवरणाला जोडलेले असतात. अर्थिंग नसल्यास त्या आवरणावर अल्प प्रवाहाचा दाब राहतो आणि हात लागताच झिणझिण्या येतात. पुढे आतील आवरोधन खराब झाल्यास पूर्ण दाब यंत्राच्या लोखंडी चौकटीवर येऊ शकतो. म्हणून अधिकृत वीजतंत्रीकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. अर्थिंगच्या कामाचे नियम आय.एस. ३०४३ या भारतीय मानकात दिलेले आहेत. उन्हाळ्यात काळी जमीन कोरडी पडून भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याची जुनी रीत चालू ठेवणे हिताचे आहे.

यंत्रासाठी स्वतंत्र एम.सी.बी. आणि ३० मिलिअँपियरला तुटणारा आर.सी.सी.बी. बसवावा. न्यूट्रलची तार तुटल्यास एकेरी जोडणीतही ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. त्यापासून रक्षण करणारे जादा-दाब प्रतिबंधक साधन त्याच फळीवर असावे. संचाचे वीज जोडण्याचे स्क्रू उघडे असतात. ते झाकल्याशिवाय विद्यार्थ्यांस जवळ येऊ देऊ नये. लाल रंगाची आपत्कालीन कळ एकाच दाबात मोटारी आणि राउटर दोन्ही थांबवील अशी जोडावी. वीज चालू असताना मोटारीची तार ड्रायव्हरपासून कधीही काढू नये. तसे केल्यास ड्रायव्हर जळतो. धन आणि ऋण तारा उलट जोडल्यासही तेच घडते.

खरेदीपूर्वी आणि खरेदीनंतर

दरपत्रके मागविताना ‘वीजपुरवठा संच, एक नग’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. एकदिश दाब किती व्होल्ट, सलग मिळणारा प्रवाह किती अँपियर, आत येणाऱ्या विजेची मर्यादा किती ते किती व्होल्ट, किती अंश तापमानापर्यंत पूर्ण क्षमता आणि किती वर्षांची हमी, या पाच गोष्टी स्पष्ट नमूद कराव्यात. राउटरचा पुरवठा मोटारींपासून वेगळा ठेवावा. एम.सी.बी., आर.सी.सी.बी., भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह असलेल्या तारा आणि अर्थिंग यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरावा. तो मागाहून मिळेल या भरवशावर यंत्र आणल्यास ते खोक्यातच राहण्याची शक्यता असते.

संच हाती आल्यावर त्याची परीक्षा घेण्याची साधी रीत आहे. मोटारगाडीचे १२ व्होल्ट, ५५ वॅटचे तीन दिवे एकामागोमाग एक जोडून ३६ व्होल्टच्या संचावर लावावेत. ते सुमारे ४.६ अँपियर घेतात. दिव्यांची तार थंड असताना क्षणभर प्रवाह अधिक ओढला जातो. त्यामुळे सुरुवातीस संच एक-दोनदा बंद-चालू झाल्यास तो दोष समजू नये. दिवे तासभर जळत ठेवून दर १० मिनिटांनी दाब मोजावा. दाब ३६ च्या आसपास स्थिर राहिला, पंखा चालला आणि जळका वास आला नाही, तर संच स्वीकारावा. दाब घसरत गेला, तर आवरणावरील वॅटचा आकडा फसवा आहे असे समजून हमीच्या मुदतीतच तो परत करावा.

या परीक्षेचे आकडे आणि गावातील दाबाच्या नोंदी यंत्राच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवाव्यात. यंत्र सांभाळणारे शिक्षक बदलून गेले तरी नव्या शिक्षकास त्या उपयोगी पडतील. एखाद्या दिवशी यंत्र पाऊल चुकले, तर दोष मोटारीत आहे, संचात आहे की गावच्या तारेत आहे, हे शोधण्याची सुरुवात त्याच वहीच्या पहिल्या पानापासून करता येईल.